काखेतले केस लेसरनं गेले, हनुवटीवरचे का परत आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सव्वीस, रंग गव्हाळ, हनुवटीवर आणि जबड्याखाली राठ केस, दर आठवड्याला थ्रेडिंग, पाळी अनियमित. एका ठिकाणी सहा सिटिंगमध्ये केसांचा ‘कायमचा निकाल’ लावू असं सांगितलंय. मैत्रिणीच्या काखेतले केस लेसरनं जवळजवळ गेले, पण तिच्याच हनुवटीवरचे वर्षभरात परत दिसायला लागले. मग लेसर करावं का? आणि लेसरनं केस उलट वाढतात म्हणतात, ते खरं का?

लेसरचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. मला तुमच्या प्रश्नात महत्त्वाची वाटली ती मैत्रिणीची गोष्ट. मुलगी तीच, बहुधा मशीनही तेच, आणि दोन जागांचे दोन निकाल. हे असं का होतं ते नीट कळलं की सहा सिटिंग पुरतील का, थ्रेडिंग थांबवायचं का, आधी तपासण्या हव्यात का, ही सगळी उत्तरं आपोआप मिळतात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रखर प्रकाश. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी एक साधा विचार मांडला. त्वचेतली एखादी गोष्ट ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जास्त शोषते, तोच प्रकाश निवडायचा आणि इतका कमी वेळ टाकायचा की उष्णता त्या गोष्टीपुरतीच राहील, आजूबाजूला भाजणार नाही. केसांच्या बाबतीत प्रकाश शोषणारी गोष्ट म्हणजे मेलॅनिन, केसाचा काळा रंग.

इथे एक अडचण येते. प्रकाश शोषतो तो केस, पण आपल्याला निकामी करायच्या असतात नवा केस घडवणाऱ्या पेशी. त्या रोमकूपाच्या, म्हणजे केस ज्या बारीक खोबणीतून उगवतो तिच्या, मध्यावर, बाजूच्या भिंतीत आणि अगदी तळाशी असतात, आणि त्यांच्यात स्वतःचा रंग फारसा नसतो. म्हणजे आधी केस तापला पाहिजे आणि मग त्याची धग या पेशींपर्यंत पोचली पाहिजे. दुसरीकडे वरच्या कातडीतही मेलॅनिन आहेच, तेही तापतं. सुटका होते ती जाडीमुळे. तापलेली बारीक तार क्षणात निवते, जाड सळई बराच वेळ चटके देते. तसाच वरच्या त्वचेचा पातळ थर काही मिलिसेकंदांत थंड होतो, आणि केसाचं मूळ मात्र कितीतरी मिलिसेकंद उष्णता धरून ठेवतं. प्रकाशाचा झोत या दोन वेळांच्या मधल्या लांबीचा ठेवायचा आणि वरून त्वचा गार करायची. यासाठी यंत्राच्या हातात धरायच्या भागाचं टोक थंडगार असतं, किंवा गार हवेचा झोत अथवा गार फवारा असतो. लेसर करणाऱ्याचं कौशल्य बहुतेक सगळं एवढ्याच हिशेबात आहे.

यातून दिसतं की केस काळा आणि जाड असेल आणि त्याच्यापेक्षा त्वचा उजळ असेल, तर लेसर उत्तम चालतं. पांढऱ्या केसावर ते काहीही करत नाही, कारण तापायला तिथे रंगच नसतो. सोनेरी आणि लाल केसांवरही फारच कमी परिणाम होतो. आणि लव, म्हणजे गालावरचे ते मऊ, बारीक, फिकट केस, यांच्यावर लेसर मारण्याच्या मी विरोधात आहे. का ते पुढे सांगतो.

थ्रेडिंगचंही उत्तर इथेच आहे. दोऱ्यानं, वॅक्सनं, चिमट्यानं किंवा एपिलेटरनं केस मुळापासून उपटला जातो. मग त्या रोमकूपात प्रकाश शोषायला काही उरत नाही, आणि तुम्ही त्या जागेचे पैसे देऊन नुसता उजेड पाडून येता. म्हणून पहिल्या सिटिंगच्या आधी किमान चार आठवडे आणि पुढे उपचार चालू असेपर्यंत उपटणं पूर्ण बंद. कापणं किंवा शेव्ह करणं चालतं. उलट, सिटिंगच्या आदल्या दिवशी शेव्ह करूनच यायचं असतं, कारण बाहेर राहिलेला केस त्वचेवरच जळतो आणि चटका देतो.

इथे बहुतेक मुली दचकतात. हनुवटीला रेझर? मग दाढीच येईल! नाही येणार. रेझर मुळाला स्पर्शही करत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं एवढंच. केसांची संख्या, जाडी, वेग यांत काहीही बदल होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना लेसरच्या दुखण्यापेक्षा हा एक महिना जास्त जड जातो, याची मला कल्पना आहे. पण तो टाळून चालत नाही.

आता सिटिंग किती लागतात आणि का. प्रत्येक केस वाढतो, मग आक्रसतो, मग काही काळ निपचित राहून गळतो. लेसरचा खरा उपयोग वाढीच्या टप्प्यातल्या केसावर होतो, कारण तेव्हा केस मुळाशी नीट जोडलेला असतो आणि तळाशी भरपूर रंग असतो. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीत असतात. अंगावरच्या केसांत हे प्रमाण खूपच कमी असतं, आणि पायावर तर बहुतांश केस निपचितच असतात. म्हणजे एका सिटिंगमध्ये फक्त त्या दिवशी जागे असलेले केस सापडतात. बाकीचे जागे होण्याची वाट बघावी लागते. चेहऱ्यावरचं चक्र लवकर फिरतं, म्हणून तिथे साधारण ४ ते ६ आठवड्यांचं अंतर ठेवतात. अंगावर ६ ते ८ आठवडे, पायांवर कधी त्याहून जास्त. दर पंधरा दिवसांनी बोलावून ‘लवकर संपवून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर त्यात तुमचा फायदा नाही.

बरं, मग काख आणि हनुवटी.

काखेतले केस जाड, काळे, आणि वयात येताना एकदा काय ते येऊन ठरलेले. त्यांना लागणारं पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण इतकं थोडं असतं की प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरात ते असतंच. तिशीत काखेत नव्यानं केस उगवायला लागलेत, असं सहसा होत नाही. लेसरनं आहेत ते रोमकूप निकामी केले की बदलीला फारसं कुणी येत नाही. हनुवटीवर तसं नाही. तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये लवेचे शेकडो रोमकूप झोपलेले असतात. रक्तात अँड्रोजेन, म्हणजे हीच पुरुषी संप्रेरकं, वाढलेली असतील, किंवा रोमकूप त्यांना जास्त संवेदनशील असतील, तर ही लव एकेक करून राठ केसात बदलत राहते. लेसर आजच्या राठ केसाला मारतं. उद्या लवेचं जे रूपांतर होणार आहे, त्याला ते थांबवू शकत नाही. तुमच्या मैत्रिणीचे ‘परत आलेले’ केस बहुधा जुने नव्हतेच. ते नवे होते.

म्हणून ‘कायमचा निकाल’ हे शब्द मला खटकतात. अमेरिकेची औषध नियामक संस्था, एफडीए, लेसर कंपन्यांना ‘कायमचे केस काढणे’ असा दावा करू देत नाही. ‘कायमस्वरूपी घट’ म्हणायची परवानगी देते, आणि त्याचा अर्थ असा की उपचारांचा क्रम संपल्यावर परत येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ स्थिरपणे कमी राहते. संख्या शून्य होते, असं त्यात कुठेही नाही. काखेत किंवा पायावर ही घट पुष्कळदा इतकी होते की वर्षातून एखादं सिटिंग पुरतं. हॉर्मोन्सची गडबड असलेल्या हनुवटीवर मी सहाऐवजी आठ-दहा सिटिंग धरून चालतो आणि त्यानंतरही दर काही महिन्यांनी एखादं लागेल, असं पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. काही जण ते ऐकून उठून जातात. जाऊ देत.

तुमची पाळी अनियमित आहे हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातलं तेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर राठ केस एकत्र दिसले, तर पहिला विचार पीसीओएसचा, म्हणजे पाळी अनियमित होते आणि पुरुषी संप्रेरकं वाढतात अशा हॉर्मोन्सच्या बिघाडाचा, करावा लागतो. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हॉर्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा. ते टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, साखर अशा तपासण्यांपैकी कुठल्या हव्यात ते ठरवतील. गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतील. पीसीओएस निघालं तर गोळ्यांनी लवेचं राठ केसात होणारं रूपांतर मंदावतं. पण त्यांचा परिणाम केसांवर दिसायला सहा महिने सहज लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं संथ आहे. यातल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन, गरोदरपणात अजिबात चालत नाहीत. तेव्हा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा. लेसर त्या सहा महिन्यांसाठी थांबवून ठेवायची गरज नाही. दोन्ही बरोबर चालू शकतं, आणि तसंच ते जास्त टिकतं.

एक वेगळी परिस्थिती सांगून ठेवतो. काही महिन्यांतच केस झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे मागे सरकले, असं काही असेल तर लेसरचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं. संप्रेरकं तयार करणारी गाठ क्वचितच असते, पण ती अशीच दिसते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. लेसरनं केस वाढतात का? होय, काही जणांत वाढतात. अफवा नाही ती. जिथे उपचार केला तिथे किंवा त्याच्या कडेला, पूर्वी लव होती अशा ठिकाणी राठ केस येतात. हे का होतं याचा शेवटचा शब्द अजून कुणी सांगितलेला नाही. सर्वाधिक पटणारं स्पष्टीकरण असं की मारायला अपुरी पण जागं करायला पुरेशी अशी कोमट उष्णता झोपलेल्या रोमकूपांना मिळते. हे जास्त करून चेहरा, जबडा आणि मान इथे, गडद त्वचेत आणि हॉर्मोन्सचा त्रास असलेल्यांत दिसतं. म्हणजे दुर्दैवानं तुमच्यासारख्यांतच. म्हणून लवेवर लेसर नको असं म्हणालो. मी हनुवटीवरच्या राठ केसांच्या पट्ट्यापुरतंच काम करतो, त्या पट्ट्याच्या कडेची त्वचा गार ठेवतो, आणि ‘आलाच आहात तर पूर्ण चेहराच करून टाकू’ हा मोह टाळतो. पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज विकायला सोपं असतं, हे खरं. अशी वाढ झालीच, तर योग्य सेटिंगवर लेसर पुढे चालू ठेवून ती बऱ्याचदा आवरता येते.

गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मशीनची निवड महत्त्वाची ठरते. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट मेलॅनिनवर जोरात काम करतं, पण ते त्वचेतल्या मेलॅनिनवरही तितकंच तुटून पडतं, म्हणून ते गोऱ्या त्वचेला बरं. ८०० ते ८१० च्या आसपासचं डायोड हे मधलं. १०६४ चं लाँग पल्स एनडी याग सर्वांत खोल जातं आणि वरच्या रंगाला सर्वांत कमी छेडतं, म्हणून गडद त्वचेला ते सर्वांत सुरक्षित. मात्र बारीक केसांवर ते थोडं कमजोर पडतं आणि दुखतंही जरा जास्त. तुमच्या रंगाला सांभाळून चालवलेलं डायोड किंवा एनडी याग, दोन्ही चालेल. आयपीएल हे लेसरच नाही, त्यात अनेक तरंगलांब्यांचा मिश्र प्रकाश असतो. घरी वापरायची बहुतेक यंत्रं याच जातीची. सुरक्षिततेसाठी त्यांची ताकद कमी ठेवलेली असते, आणि तुमच्यासारख्यांच्या बाबतीत कमी ताकद चेहऱ्यावर वापरण्याचीच मला भीती वाटते. पायांना वापरलंत तर माझी हरकत नाही.

प्रत्यक्ष सिटिंग हनुवटीसाठी पाच-दहा मिनिटांचं असतं. डोळ्यांवर पूर्ण झाकणारे गॉगल, तुमच्याही आणि करणाऱ्याच्याही. भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत कुणी लेसर मारू म्हणालं तर सरळ नाही म्हणा, डोळ्याच्या बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तीळ आणि गोंदण झाकून घ्यायचं, त्यांच्यावर लेसर नको. प्रत्येक झोताला गरम टोचल्यासारखं वाटतं, जळक्या केसाचा वास येतो. अजिबातच काही जाणवलं नाही तर सुखावून जाऊ नका, सेटिंग फार कमी असण्याची शक्यता आहे. असह्य झालं तर मात्र लगेच बोला, सहन करत बसू नका. काम नीट झाल्याची खूण म्हणजे काही मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती हलकी लाली आणि बारीक उंचवटा. तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसतो.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल गंभीरपणे सांगतो. हनुवटीसारख्या छोट्या जागेला, डॉक्टरांनी दिलेलं, सांगितलं तेवढंच लावलं तर ठीक. पण २००७ साली एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरआधी दोन्ही पायांना तीव्र मलम फासून वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं. औषध रक्तात उतरलं आणि दोघींचा जीव गेला. मोठ्या भागाला मलम लावून वर काही गुंडाळणं कधीही नको.

नंतरचे एक-दोन दिवस गरम पाण्याची वाफ, खूप घामाचा व्यायाम, स्क्रब नको. गार पट्टी, साधं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन रोज. ऊन हा इथला मोठा शत्रू आहे: उन्हानं रापलेल्या त्वचेत रंग जास्त, म्हणजे भाजण्याची शक्यता जास्त. ताजं टॅन असेल तर मी सिटिंग पुढे ढकलतो. फोड, पापुद्रा, किंवा दोन दिवसांनंतरही वाढत जाणारी लाली दिसली तर फोटो काढून त्याच दिवशी दाखवा. लवकर उपाय केला तर मागे राहणारे काळे डाग बरेच टाळता येतात. पडलेच तरी ते बहुधा काही महिन्यांत फिके होतात. पांढरे डाग क्वचित पडतात आणि जास्त रेंगाळतात.

पुढच्या एक ते तीन आठवड्यांत केस ‘वाढताना’ दिसतील आणि तुम्हाला वाटेल, काहीच झालं नाही. ते मेलेले केस त्वचा बाहेर ढकलत असते. तोंड धुताना गळून पडतील. उपटू नका. मग काही दिवस हनुवटी अगदी स्वच्छ दिसेल, तेव्हाही हुरळून जाऊ नका, कारण निपचित असलेली पुढची तुकडी यायची आहे. खरा फरक मी तिसऱ्या-चौथ्या सिटिंगच्या सुमाराला, पहिल्या दिवशी काढलेला फोटो शेजारी ठेवून दाखवतो. फोटो काढून ठेवा, आपली आठवण या बाबतीत फार बेभरवशाची असते.

काही किरकोळ शंका एकदमच उरकतो. लेसरनं कर्करोग होतो असा पुरावा नाही. हा क्ष-किरणांसारखा प्रकाश नव्हे, आणि तो काही मिलिमीटरच आत जातो, त्यामुळे गर्भाशय-अंडाशयापर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही. गरोदरपणात मात्र आम्ही टाळतो, घाई कशाला म्हणून. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल तर पूर्वी सहा महिने थांबायला सांगत. त्या नियमाला केस काढण्याच्या लेसरपुरता फारसा पुरावा नाही असं आता मानतात, तरी डॉक्टरांना सांगाच. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर तेही. ओठांभोवती वारंवार हर्पीसचे फोड (‘जर’) उठत असतील तर आधी गोळी द्यावी लागते.

ते सहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी तिथे चार गोष्टी विचारा. मशीन कुठल्या तरंगलांबीचं, माझ्या रंगासाठी सेटिंग कोण ठरवणार, पॅच टेस्ट, म्हणजे आधी छोट्या जागेवर करून बघणं, करणार का, आणि काही बिघडलं तर डॉक्टर कोण बघणार. पाळीबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं होतं का, हेही आठवून बघा. सगळे पैसे आधी भरू नका, तीन सिटिंगचे भरा आणि फोटो बघून पुढचं ठरवा.

लेसरनंतर उरलेले तुरळक, पांढरे किंवा फार फिके केस असतील तर त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. यात एकेका रोमकूपात बारीक सुई घालून विजेनं मूळ निकामी करतात. लेसरपेक्षा ही पद्धत कितीतरी जुनी. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञानं डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरली होती. रंगाशी तिचा संबंध नसल्यानं ती कुठल्याही केसावर चालते, पण एकेक केस घ्यावा लागत असल्यानं वेळखाऊ आहे. सगळ्या हनुवटीला ती सुरुवातीलाच करायला मी सांगणार नाही. शेवटच्या दहा-वीस हट्टी केसांना मात्र तिच्यासारखा दुसरा उपाय नाही.